कानामागची तीट

माझी बायको बाहुल्यांचे डोळे काढायची. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो. मी रेल्वेच्या कारखान्यात डबे रंगवायचो आणि ती गिंडीला खेळण्यांच्या एका कंपनीत बाहुल्यांना डोळे, भुवया, पापण्या काढायची. संध्याकाळी मी हातावरचा रंग रॉकेलनं पुसायला बसलो की म्हणायची, "तुमच्या एका फटकाऱ्यात माझ्या सगळ्या पोरींची तोंडं होतील हो." मी म्हणायचो, "आणि तुझ्या ब्रशनं मी एक डबा रंगवायला घेतला तर पेन्शनीपर्यंत पुरेल."

ती गेली. डायलिसिसवर होती, त्यातच गेली. त्याबद्दल फार लिहायचं नाही. म्हातारी माणसं जातात. लिहायचंय ते वेगळं. कोर्टाच्या एका कागदात तिच्याबद्दल एक वाक्य आहे. त्यात तिला चोर म्हटलंय. ते वाक्य खोटं आहे. मी सातवी नापास माणूस, लिहायची सवय नाही, पण हे लिहिल्याशिवाय घास खाली उतरत नाही.

लग्न करून तिला मिरजेकडून इकडे तमिळ मुलखात आणली तेव्हा तमिळचं एक अक्षर तिला येत नव्हतं. भाजीवालीशी बोटांनी बोलायची. तांबरमला आमच्या शेजारची बाई त्या कंपनीत कामाला होती, ती हिला एक दिवस घेऊन गेली. डोळे काढायला भाषा कशाला लागते, म्हणाली. पुढं त्या बायकांत बसून ही अशी तमिळ शिकली की मला लाज वाटावी. माझी तमिळ कारखान्यातली. शिव्या काढून टाकल्या तर तिच्यात फारसं काही उरत नाही.

बाहुल्या म्हणजे आपली चिंध्यांची ठकी नव्हे. ही फॅशनची बाहुली. लांबच लांब पाय, मुठीत मावेल अशी कंबर, उंच टाचांचे बूट. पहिल्या दिवशी बघून आली तेव्हा म्हणाली, "अहो, असल्या कमरेची सून आणली तर बिचारीनं कळशी कुठं ठेवायची?"

डोकी वेगळी यायची, टकली. तोंडावर पत्र्याचा छाप बसवून डोळ्यांतला पांढरा आणि ओठांचा लाल फवारायचे, आणि मग ते डोकं बायकांच्या हातात द्यायचे. पापण्या, भुवया, बुबुळातला चमकीचा ठिपका, सगळं हातानं. तिथून ते केस ओवायच्या मशीनवर जायचं. हिच्या बाहुल्या जरा वेगळ्या दिसायच्या. भुवईचं टोक ती किंचित वर उचलायची. कुणीतरी हाक मारली म्हणून वळून बघावं तशा त्या बघायच्या. तिथं बायकांवर देखरेख करायला एक तमिळ बाई होती, तिला सगळ्या अक्का म्हणायच्या. ती अक्का म्हणायची, "तुझ्या पोरी ओळखू येतात गं. बाकीच्या नुसत्या टक लावून बसतात."

आता तिटीचं सांगतो. सगळं तिथंच अडकलंय.

लहान मूल नटवलं की गालाला काजळाची तीट लावायची, हे काय मराठी माणसाला सांगायला नको. इकडेही लावतात. हिनं काय केलं, तोंड रंगवून झालं की बाहुलीच्या गालाला काळा ठिपका द्यायला लागली. अक्का ओरडली. माल खराब करतेस का? पुसायला लावला. दुसऱ्या दिवसापासून ही तो ठिपका कानामागं द्यायला लागली. मी म्हटलं, "अगं, प्लास्टिकला कसली नजर लागतेय?"

"प्लास्टिकला नाही हो. ही बाहुली ज्या घरात जाणार तिथं एक पोरगी असणार ना? बाहुली एवढी देखणी, दहाजणी येऊन बघणार, हेवा करणार. ती नजर पोरीला लागायची. बिनतिटीची कशी पाठवू?"

"आणि कंपनीनं बघितलं तर?"

"कानामागं कोण बघतंय? वरनं केस येतात."

आमची लेक तेव्हा शाळेत जायची. ती रुसायची. "अम्मा, त्यांना रोज लावतेस, मला फक्त दिवाळीला." अक्कानं कानामागचा ठिपका एकदा बघितला होता, पण गालावर नाही ना, मग असू दे म्हणून तिनं सोडून दिलं. इतकी साधी गोष्ट. ही जोवर तिथं होती तोवर तिच्या हाताखालनं गेलेल्या सगळ्या बाहुल्यांना कानामागं तीट. कुणाला पत्ता नाही.

मग कंपनीत डोळे छापायचं मशीन आलं आणि बायकांना घरी बसवलं. अक्काला तेवढी ठेवली. त्याच कंपनीतला विक्रीचा एक साहेब मालकाशी भांडून बाहेर पडला होता, त्यानं पल्लावरमच्या बाजूला शेड घेऊन स्वतःच्या बाहुल्या सुरू केल्या. त्याच्याजवळ मशीन नव्हतं, त्यानं ह्याच बायकांना बोलावलं. ही पण गेली. घरी बसून तिला करमत नव्हतं. तिथंही तेच. टकली डोकी, तोच बारीक ब्रश, आणि शेवटी कानामागं तीट.

नवी बाहुली खपायला लागली. जुनीपेक्षा जास्त खपली म्हणतात. मला विचाराल तर का खपली ते सरळ आहे, जुनीचे डोळे मशीनचे झाले होते. पण जुन्या मालकाला संशय आला. त्यानं नवी बाहुली विकत आणून तिचे कपडे काढले, हातपाय मोजले, केस भिजवून मागं सारले, तर कानामागं काळा ठिपका. मग त्यानं आपल्या कपाटातल्या जुन्या बाहुल्या बघितल्या, तर तिथंही ठिपका! त्याच जागी! आता शहाण्या माणसानं विचारावं ना, हा ठिपका आपल्या बाहुलीवर आला कुठून? ते कुणी विचारलं नाही. वकिलानं लिहून टाकलं की ही आमच्या कंपनीची गुप्त खूण आहे, नक्कल पकडता यावी म्हणून आम्हीच ठेवली होती, आणि चोरानं चोरी करताना तीसुद्धा उचलली. झाली केस सुरू.

नव्या कंपनीचा वकील एक दिवस आमच्या घरी आला. तरुण, घामाघूम, काळा कोट हातावर घेतलेला. ठिपका कुणी दिला ते बायकांना विचारत विचारत तो इथवर पोचला होता. ही खाटेवर पडून होती. त्यानं कागद दिला. लेक अड्यारच्या ऑफिसातून त्या दिवशी लवकर आली होती, तिनं इंग्रजीतनं मराठी करून वाचलं. तिची मराठी अडखळते, त्यामुळे ते वाक्य आम्हाला तुकड्यातुकड्यानं ऐकावं लागलं. रंगकाम विभागातली एक पूर्वीची कामगार बाई. हिनं आमचा चेहरा. आणि आमची गुप्त खूण. चोरून नेऊन. दुसऱ्या कंपनीला दिली.

हिला आधी हसू आलं. "माझ्या तिटीला ह्यांनी शिक्का केला होय?"

 बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "चोरून म्हणजे काय हो? मी तिथनं कधी सुई आणली नाही."

"म्हणू दे त्यांना," मी म्हटलं. "कुत्रं भुंकतं."

"भुंकत नाही, लिहितंय. मी जाणार कोर्टात. मी सांगणार."

वकील म्हणाला, बरं होईल अम्मा, तुम्हीच साक्ष द्या. त्या दिवसापासून तिला एक कामच मिळालं. कुठली साडी नेसायची ते ठरलं. निळी, बारीक काठाची. कोर्टात भडक नको. सुया टोचून टोचून सुजलेला हात झाकायला लांब बाहीचं झंपर शेजारणीकडून शिवून घेतलं. माझ्यासमोर सराव करायची. "साहेब, ती तीट होती. लेकराला लावतात तशी. मी कुणाचं काही घेतलं नाही." मी साहेब व्हायचो. मी म्हणायचो, "मोठ्यानं बोला बाई." ती म्हणायची, "साहेब, तुम्हाला ऐकू कमी येतं, त्यात माझा काय गुन्हा?"

तारीख पडली. पुढं गेली. परत पडली, परत पुढं गेली. एकदा वकील आला नाही, एकदा कोर्टच बंद होतं. ती दर वेळी साडी काढून ठेवायची आणि परत घडी करायची.

शेवटी शेवटी बोलताना तिला धाप लागायची. म्हणाली, "आता तुम्ही जा. पण तुमचं तोंड वाईट आहे. भांडू नका. चोरी नव्हती, तीट होती, एवढंच सांगा आणि गप खाली बसा."

"सांगतो," म्हटलं.

"भांडू नका हं."

"नाही भांडत, बाई."

निळी साडी तिला नेसवूनच पाठवली. लेक म्हणाली दुसरी नवी घेऊ. मी म्हटलं, हीच.

ती गेल्यावर काही महिन्यांनी माझी तारीख आली. तांबरमहून लेकीबरोबर लोकलनं गेलो. न्यायाधीशाची मोठी खोली असेल असं वाटलं होतं, पण साक्ष एका छोट्या खोलीत घेतात, कोर्टानं नेमलेला एक वयस्कर वकील बसतो आणि शेजारी एक बाई टाइप करते. दोन्हीकडचे वकील, आणि जुन्या कंपनीच्या बाजूला मागं खुर्चीवर अक्का. केस सगळे पांढरे झालेले. मी बघितलं तशी तिनं मान खाली घातली.

टेबलावर प्लास्टिकच्या पिशव्यांत दोन बाहुल्या होत्या, गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधलेली. एक जुन्या कंपनीची, एक नव्या. दोघींचे केस एका बाजूनं कातरून कान उघडे केले होते. मेलेल्या माणसाला कापून बघतात तसं. आणि कानामागं तीट.

मी सांगून ठेवतो, मी रडायचं नाही असं ठरवून गेलो होतो. पण ती तीट साधा ठिपका नव्हती. ब्रश उचलताना हिचा हात थोडा वर जायचा, त्यामुळे तिटीला एक बारीक शेपूट असायचं. दोन्ही बाहुल्यांना ते शेपूट होतं. आमच्या घरात तिच्या हातचं काही उरलं नव्हतं. लोणचं संपलं होतं, तिनं भरलेली मसाल्याची बरणी रिकामी झाली होती. आणि इथं परक्या टेबलावर, चिठ्ठी बांधून, तिचा हात पडला होता. मी हात पुढं केला तर जुन्या कंपनीचा वकील म्हणाला, "अय्या, हात लावू नका, पुरावा आहे." इकडे म्हाताऱ्या माणसाला अय्या म्हणतात.

शपथ झाली. आमच्या बाजूच्या वकिलानं विचारलं, मी सांगितलं. तमिळमध्येच. ती लेकराला लावतात तशी तीट होती, कुठल्या कंपनीनं सांगितली नव्हती, तिची तिनं लावली. टाइप करणारी बाई थांबली, बाहुलीच्या कानाकडं बघितलं आणि एकदम म्हणाली, "अय्यो, दृष्टी पोट्टु!" इकडे तिटीला तसंच म्हणतात. खोलीत सगळे हसले. त्या वयस्कर वकिलालाही हसू आलं. मला वाटलं, झालं. सुटली बायको.

मग जुन्या कंपनीचा वकील उठला. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "अय्या, तुमच्या बायकोनं दोन्हीकडं डोळे काढले?"

"हो."

"दोन्हीकडं सारखेच?"

"तिला दुसरे येत नव्हते."

आमचा वकील खोकला. मी काय चुकलो ते मला कळलं नाही.

"भुवईचं टोक असं वर उचलायचं, हे ती आमच्या कंपनीत शिकली?"

"कामाला लागल्यावरच शिकली. माहेराहून शिकून नव्हती आली."

"म्हणजे आमच्याकडं शिकलेलं तिनं तिकडं नेलं."

"साहेब, मग हात काय तुमच्या कपाटात ठेवून जायचं होतं का?"

"रागावू नका. हो किंवा नाही, एवढंच सांगा. आमच्याकडं शिकलेलं तिकडं वापरलं. हो की नाही?"

आता खरं काय होतं? मी रेल्वेत रंगकाम शिकलो, तेच घरी दाराला वापरलं. सुतार एकाकडं शिकतो आणि दुसऱ्याकडं कामाला जातो. हे सगळं मला सांगायचं होतं. पण भांडू नका असं तिनं सांगितलं होतं. शपथ घेतली होती. मी म्हटलं, "हो."

टाइपचा आवाज झाला. मी म्हटलं, "पण ती चोरी नव्हे. तिनं सुईसुद्धा..." तो गोड वकील म्हणाला, "तेवढं पुरे, अय्या." वयस्कर वकील म्हणाला, विचारलं तेवढंच लिहायचं असतं. मागं अक्का बसली होती. तिला ठाऊक होतं. गालावरचा ठिपका तिनंच पुसायला लावला होता, कानामागचा तिनंच चालू दिला होता. मी तिच्याकडं बघितलं. ती तिच्या हातातल्या पिशवीकडं बघत होती.

घरी जाताना लोकलनं एग्मोर सोडलं तशी लेक माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "अप्पा, तुम्ही हो म्हणालात."

"खरं विचारलं तर काय सांगू?"

"खरं नव्हतं विचारलं, अप्पा."

त्यानंतर कित्येक दिवस मी तिच्या फोटोसमोर बसलो नाही. ज्या कामाला तिनं पाठवलं ते मी उलटं करून आलो.

पुढं साक्ष वगैरे काही झालीच नाही. दोन कंपन्यांनी तडजोड केली. आमच्या वकिलानं फोनवर सांगितलं, खूश होता. नव्या कंपनीनं बाहुलीचा चेहरा बदलायचा, जुनीनं केस मागं घ्यायची, आणि इथून पुढं दोघांच्याही बाहुलीवर तो ठिपका असणार नाही.

मी विचारलं, "आणि ते वाक्य?"

"कुठलं?"

"माझ्या बायकोचं. चोरलं म्हणून लिहिलंय ते."

"अय्या, केसच संपली. ते सिद्ध झालं नाही."

"खोडलं का?"

"खोडायची गरजच नाही. कोण वाचणार आता ते?"

लेकही तेच म्हणाली. "सोडा अप्पा. कुणी वाचणार नाही."

"मी ऐकलं ना. तूच वाचून दाखवलंस. तिनंही ऐकलं. ती ते ऐकून गेली."

लेक आत गेली. पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो तसाच चालू राहिला.

मी गिंडीला गेलो. कुणाला न सांगता. जुन्या मालकाला भेटून सांगायचं होतं की जिंकलात ना, हरलात ना, जे काय असेल ते, पण माझी बाई त्यातनं काढा. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. मोठा साहेब आता इथं बसतच नाही म्हणाला. मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिलो. पाळी सुटली तशा बायका बाहेर यायला लागल्या. आता थोड्याच राहिल्यात. शेवटी अक्का आली.

मला बघून ती परत आत वळणार होती. पण वळली नाही. समोर येऊन उभी राहिली.

"तिला बघायला यायला हवं होतं मी," म्हणाली.

"ते राहू दे. तुला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग?"

"मला विचारलं, हा ठिपका कुणाचा? मी म्हटलं, कंपनीचा. ह्या वयात मला दुसरीकडं कोण ठेवणार, अण्णा? नवरा खाटेवर आहे."

मला तिला फार वाईट बोलायचं होतं. येताना गाडीत सगळं ठरवून आलो होतो. पण खाटेवर म्हणाली आणि ते सगळं गळून पडलं. चहावाला आमच्याकडं बघत होता. मी एवढंच म्हटलं, "आता तरी बोल. इथं."

"काय बोलू?"

"तिनं चोरी केली नाही म्हण."

बस, रिक्षा, हॉर्न, सगळा गोंगाट होता. तिनं बारीक आवाजात काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावला. मग ती मोठ्यानं म्हणाली. चांगलं खणखणीत, कामावरच्या बायकांना हाका मारायची तशा आवाजात. "तिनं काही चोरलं नाही! ती तिची तीट होती! मला माहीत आहे, मी बघितलंय!" चार बायका थांबून वळल्या. त्यांतल्या एकदोघी नव्या होत्या, त्यांना कोण, काय, काही कळलं नसणार. अक्काच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं, ते तिनं पुसलंसुद्धा नाही.

मी मान हलवली. तिला म्हटलं, "जा, नवरा वाट बघत असेल."

तांबरमच्या गाडीत बसायला जागा मिळाली. मला हलकं वाटायला हवं होतं. जे कोर्टात कुणी म्हटलं नाही, ते भर रस्त्यात म्हणून घेतलं होतं. पण हे जिला सांगायचं ती घरी नव्हती. मी दाराचं कुलूप काढलं, आत गेलो, आणि चपला तशाच पायात ठेवून उभा राहिलो.